आधी हिशेब, मग बोअरिंग: पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडची जोडी कशी जुळवावी

इंजिन उघडलं, बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलिंडरचं भोक) झिजलेला निघाला, की बहुतेक जण आधी ब्लॉक उचलून बोअरिंगवाल्याकडे (बोअर कापून मोठा करणाऱ्याकडे) नेतात आणि मग पिस्टन शोधायला लागतात. कंपनीचाच ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा असेल तर हे चालून जातं. त्यात उंची, पिन, रिंगा, वजन सगळं आधीच जुळवलेलं असतं, बदलतो तो फक्त व्यास. पण पिस्टन एकाचा, त्याला क्रँकशी जोडणारा रॉड दुसऱ्याचा आणि खाली फिरणारा क्रँक कदाचित तिसऱ्याच इंजिनाचा घ्यायचा म्हटलं की ती जुळवाजुळव आपल्या अंगावर येते. तेव्हा क्रम उलटा लावायचा: आधी कागदावर हिशेब, मग खरेदी, आणि पिस्टन हातात आल्यावर तो मोजूनच बोअरिंग. बोअर हा या कामातला शेवटी ठरणारा आकडा आहे.

उदाहरणासाठी मी शेव्हरोलेची ३५० घनइंची व्ही-८ घेतो. हे ‘स्मॉल ब्लॉक’ घराणं १९५५ चं, त्यातलं ३५० हे माप १९६७ च्या कॅमेरोतून आलं. बाहेरच्या पिस्टन-रॉडचा बाजार या इंजिनाइतका मोठा दुसऱ्या कुठल्याच इंजिनाला नसेल, आणि त्याचे आकडे इतके घोटले गेलेत की हिशेब शिकायला यासारखी पाटी नाही. अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार घालवणाऱ्या मराठी मंडळींना ते ओळखीचं असेलच. पुण्यात किंवा कोल्हापुरात जिप्सी नाहीतर जुनी होंडा सिटी उघडून बसलेल्यांनी आकडे आपले घालावेत, रीत तीच. परदेशी कॅटलॉग बहुधा इंचात असतात, म्हणून एक थाऊ म्हणजे ०.००१ इंच किंवा ०.०२५४ मिलिमीटर, हे भिंतीवर लिहून ठेवा.

कशासाठी बांधताय, ते आधी

रोजची गाडी, ओढायची गाडी की ट्रॅकची? कमाल आरपीएम किती? टर्बो आहे का? पेट्रोल कोणतं भरणार? या चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. पिस्टनचा मिश्रधातू, रॉडची जात, काँप्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) आणि रिंगांची फट हे सगळं त्यावर ठरतं. ‘बघू, पुढे टर्बो लावू’ हे उत्तर नव्हे. टर्बोसाठी घेतलेला खोलगट पिस्टन साध्या इंजिनात मरगळलेला वाटतो, आणि साध्या इंजिनासाठी घेतलेला सपाट पिस्टन टर्बोखाली ठोकायला लागतो, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून ‘नॉक’ होतं.

भारतात गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर आणखी एक बाब. झिजलेला बोअर ओव्हरसाइज करणं ही दुरुस्ती, पण स्ट्रोक (पिस्टनची वरखालची धाव) वाढवून घनक्षमता बदलली की नोंदणी पुस्तकातला आकडा खोटा ठरतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नेमकं त्याबद्दल आहे.

हातात काय आहे ते मोजा

खरेदीआधी तीन वस्तू मोजायच्या: ब्लॉक, क्रँक आणि हेड (ब्लॉकवरचं झाकण). हेडचं मोजमाप पुढे काँप्रेशनच्या हिशेबात येईल.

ब्लॉकमध्ये बोअर सहा ठिकाणी मोजा. वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. सगळ्यात जास्त झिजलेल्या सिलिंडरवरून कमीत कमी किती मोठा बोअर लागेल ते कळतं. लगेच त्या मापाची मागणी नोंदवू नका, फक्त टिपून ठेवा. आपल्याकडच्या बाजारात ओव्हरसाइज ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मिळतात, अमेरिकन मालात ०.०२०, ०.०३०, ०.०४०, ०.०६० इंच. ४ इंची बोअरच्या ३५० ला ०.०३० हा सर्वांत रुळलेला आकडा, म्हणजे बोअर ४.०३० इंच.

मग डेकची उंची: क्रँकच्या मध्यरेषेपासून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. ३५० ची ती छापील ९.०२५ इंच, म्हणजे २२९.२ मिलिमीटर. पूर्वी कुणी ब्लॉकचा माथा घासला असेल तर ती कमी भरेल, आणि दोन टोकांना वेगवेगळीही भरू शकते. म्हणून पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नका.

क्रँकवर जर्नलचा (रॉड किंवा बेअरिंग बसते त्या गोल भागाचा) व्यास, गोलाई आणि निमुळतेपणा बघा. याच घराण्यात १९६७ पर्यंत रॉड जर्नल २.००० इंची होता, १९६८ पासून तो २.१०० झाला. रॉड घेताना हे चुकलं तर त्याचं क्रँककडचं मोठं टोक बसणारच नाही. ही चूक निदान लगेच दिसते, पुढच्या चुका उशिरा दिसतात.

उंचीची बेरीज

या लेखात एकच भाग दोनदा वाचायचा असेल तर तो हा.

पिस्टन अगदी वर असताना क्रँकच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंत तीन लांब्या एकावर एक रचलेल्या असतात: स्ट्रोकचा अर्धा, रॉडची लांबी (मोठ्या टोकाच्या मध्यापासून छोट्या टोकाच्या मध्यापर्यंत) आणि काँप्रेशन हाइट, म्हणजे पिस्टनमध्ये गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) मध्यापासून सपाट माथ्यापर्यंतची उंची. या तिघांची बेरीज डेकच्या उंचीतून वजा केली की पिस्टन डेकच्या किती खाली थांबतो ते कळतं.

मूळ ३५० मध्ये स्ट्रोक ३.४८ इंच, म्हणजे अर्धा १.७४. रॉड ५.७, काँप्रेशन हाइट १.५६. बेरीज बरोबर ९.००. डेक ९.०२५, म्हणजे पिस्टन २५ थाऊ खाली.

आता या ब्लॉकमध्ये ४०० घनइंची इंजिनाचा ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक घालायचा, म्हणजे प्रसिद्ध ३८३ घनइंची इंजिन तयार होतं. ४०० च्या मेन जर्नलचा (ज्यावर क्रँक ब्लॉकमध्ये फिरतो त्याचा) व्यास मोठा, २.६५ इंच; तो घासून ३५० च्या २.४५ वर आणावा लागतो, किंवा सरळ त्याच मापात बनवलेला बाहेरचा क्रँक घ्यायचा. अर्धा स्ट्रोक झाला १.८७५. रॉड ५.७ चाच ठेवून पिस्टनही जुनाच ठेवला तर बेरीज ९.१३५, म्हणजे पिस्टन डेकच्या वर ११० थाऊ, जवळपास २.८ मिलिमीटर बाहेर. हेडवर आदळणार. त्यावर उपाय तीन, आणि तिन्ही बाजारात आहेत:

- रॉड ५.५६५, काँप्रेशन हाइट १.५६. खुद्द शेव्हरोलेने ४०० मध्ये हेच केलं होतं.
- रॉड ५.७, काँप्रेशन हाइट १.४२५.
- रॉड ६.०, काँप्रेशन हाइट १.१२५.

तिघांचीही बेरीज ९.००. मग कोणता?

आखूड रॉड जास्त तिरका होतो. ५.७ च्या रॉडने ३८३ मध्ये कमाल कोन साधारण १९.२ अंश, ६.० च्या रॉडने १८.२, आणि मूळ ३५० मध्ये १७.८. तिरकेपणा वाढला की पिस्टन बोअरच्या भिंतीवर जास्त रेटला जातो. म्हणून लांब रॉड बरा, शिवाय बुटका पिस्टन हलकाही असतो. पण १.१२५ च्या पिस्टनमध्ये पिन इतकी वर सरकते की पिनचं भोक ऑइल रिंगच्या खोबणीत शिरतं. तिथे आधाराला वेगळी पातळ पट्टी-रिंग बसवावी लागते, आणि तिचा उंचवटा खाली तोंड करून पिनच्या भोकावर यावा लागतो, म्हणजे ती फिरत नाही. ट्रॅकच्या इंजिनाला हे चालतं. रोज चालवायच्या गाडीला मी ५.७ आणि १.४२५ ची जोडी घेईन. रॉडच्या लांबीवरून अश्वशक्ती वाढते का, यावर लोक तासन् तास भांडतात. तो वेळ मोजमापात घातलेला बरा.

रॉड निवडताना

लांबी आणि जर्नल ठरले. उरलं छोटं टोक, जाडी, बोल्ट आणि जागा.

छोट्या टोकात दोन पद्धती आहेत. प्रेस फिटमध्ये पिन रॉडमध्ये घट्ट आणि पिस्टनमध्ये मोकळी. फ्लोटिंगमध्ये रॉडला ब्राँझचा बुश, पिन दोन्हीकडे मोकळी आणि पिस्टनच्या दोन्ही बाजूंना लॉक. मूळ ३५० प्रेस फिट आहे, बाहेरचे एच-बीम (‘एच’ आकाराच्या छेदाचे) रॉड बहुतेक फ्लोटिंग येतात. पिनचा व्यास दोन्हीकडे तोच, ०.९२७ इंच. म्हणून जोडी जुळल्यासारखी वाटते आणि इथेच घात होतो. फ्लोटिंग रॉडला प्रेस फिटचा पिस्टन घेतला तर लॉकसाठी खाचच नसते, पिन बाहेर सरकून बोअरला नांगरते. ‘व्यास तोच आहे ना, बसेल की’ असं दुकानदार म्हणाला तरी खाच स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

व्ही-८ मध्ये एका जर्नलवर दोन रॉड शेजारी-शेजारी बसतात. प्रत्येक रॉडच्या मोठ्या टोकाची एक बाजू सपाट, दुसरी कड मारलेली. कड मारलेली बाजू क्रँकच्या गोलाईकडे, सपाट बाजू दुसऱ्या रॉडकडे. बाहेरच्या क्रँकला ही गोलाई मोठी असते, त्यामुळे बेअरिंग शेलही (मोठ्या टोकातल्या अर्धगोल पट्ट्या) कड मारलेलेच घ्यावे लागतात.

जुन्याच रॉडला नवे ताकदीचे बोल्ट घालायचा मोह होतो. घाला, पण नवा बोल्ट कॅपला (मोठ्या टोकाच्या सुट्या अर्ध्या भागाला) वेगळ्या जोराने दाबतो आणि मोठ्या टोकाची गोलाई बिघडते. म्हणून बोल्ट बदलले की ते टोक पुन्हा होन करून (बारीक घासून गोल करून) घ्यावंच लागतं. तोडून वेगळा केलेला कॅप असलेल्या रॉडला हा रिसाइझचा मार्ग नाही. कॅप घासला की तुटीचे दाते जातात आणि कॅप जागेवर बसत नाही. सगळा खर्च मांडला तर नवा फोर्ज्ड (दाबून घडवलेला) ४३४० पोलादाचा रॉड बऱ्याचदा स्वस्त पडतो.

बुलेटवाल्यांसाठी एवढंच, की तिथे क्रँक प्रेस करून जोडलेला असतो. रॉड बदलायचा तर क्रँक उघडायचा, पुन्हा प्रेस करायचा आणि सेंटरवर डायल लावून सरळ करायचा. पिस्टनचा हिशेब मात्र वर दिल्याप्रमाणेच.

पिस्टन निवडताना

धातू तीन प्रकारचे भेटतील. ओतीव हायपरयुटेक्टिक: सिलिकॉन भरपूर, फुगतो कमी, बोअरशी फट कमी लागते, साध्या गाडीला उत्तम, पण ठोका लागला की तडकतो. फोर्ज्ड ४०३२: सिलिकॉन साधारण १२ टक्के, फोर्ज्ड असूनही थंडीत फारसा वाजत नाही. फोर्ज्ड २६१८: सिलिकॉन जवळजवळ नाही, चिवट, टर्बो आणि नायट्रसचा मार झेलतो, पण जास्त फुगतो, म्हणून फट मोठी लागते आणि सकाळी गाडी सुरू केली की इंजिन तापेपर्यंत टकटक ऐकू येते. रोजच्या गाडीत २६१८ घालून मग आवाजाची तक्रार करणारे खूप. रस्त्यावरच्या, टर्बो नसलेल्या ३८३ ला ४०३२ पुरतो.

आता माथ्याचा आकार, म्हणजे काँप्रेशन. ४.०३० बोअर आणि ३.७५ स्ट्रोकला एका सिलिंडरची क्षमता ७८३.९ सीसी. हेडची खोली ६४ सीसी, पिस्टन सपाट पण व्हॉल्व्हच्या खाचा ५ सीसीच्या, दाबलेलं गास्केट ४० थाऊ जाडीचं आणि ४.१ इंच भोकाचं, म्हणजे ८.७ सीसी, आणि डेकखालच्या २५ थाऊचे ५.२ सीसी. एकूण ८२.९. काँप्रेशन म्हणजे ७८३.९ अधिक ८२.९, भागिले ८२.९: साधारण १०.५. याच ठिकाणी १८ सीसी खोलगट पिस्टन घातला तर ९.२ वर येतं. स्ट्रोक वाढला की काँप्रेशन आपोआप चढतं हे लोक विसरतात. ३५० ला शोभणारा सपाट पिस्टन ३८३ मध्ये पंपावरच्या साध्या पेट्रोलला जड जाऊ शकतो. हेडची खोलीही कॅटलॉगवरून न घेता काचेची पट्टी आणि ब्यूरेट लावून मोजा.

या हिशेबात एक आडवळण आहे. पिस्टनचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांच्यात वरच्या बिंदूला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे ४० थाऊच्या आसपास अंतर असलं तर मिश्रण जोराने घुसळलं जातं आणि ठोकण्याची प्रवृत्ती कमी होते. वरच्या उदाहरणात ते २५ अधिक ४०, म्हणजे ६५ थाऊ आहे. फार जास्त. म्हणून चांगले बांधणारे ब्लॉकचा माथा घासून पिस्टन डेकच्या पातळीला आणतात आणि काँप्रेशन पिस्टनच्या खोलगटपणाने खाली घेतात. नुसतं जाड गास्केट लावून काँप्रेशन उतरवणं हा आळशी मार्ग आहे. पोलादी रॉडला ४० थाऊ चालतात, अॅल्युमिनियमच्या रॉडला साधारण ६० ठेवावे लागतात, कारण तो तापून लांबतो आणि वेगात ताणलाही जातो.

रिंगांच्या खोबणीची जाडीही मागणी नोंदवतानाच लिहून घ्या. एकाच व्यासाला ५/६४ इंच, १/१६ इंच, १.५ मिलिमीटर आणि १.२ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या खोबण्यांचे पिस्टन येतात. रिंगा पेटीत नसतील तर व्यास आणि जाडी दोन्ही सांगून मागवा.

माल आल्यावर

पेटी फोडून बोअरिंगवाल्याकडे धावू नका. प्रत्येक पिस्टनवर, रॉडवर आणि कॅपवर सिलिंडरचा नंबर घाला. कॅपची अदलाबदल कधीच नाही. एका पिस्टनची काँप्रेशन हाइट आणि एका रॉडची लांबी पडताळा. पिन तेल लावून बुशमध्ये आणि पिस्टनमध्ये अंगठ्याने सरकते का ते बघा. सरकली पाहिजे, डुगडुगता कामा नये.

मग वजन. दागिन्यांचा काटा चालेल, पण ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. पिस्टन, पिन, लॉक, रिंगा वेगवेगळ्या तोला. रॉड एकूण तोला आणि मग एक टोक टांगून मोठं टोक आणि छोटं टोक वेगवेगळं. सगळ्यात हलका तुकडा हे प्रमाण धरून बाकीच्यांतून माल काढायचा, तोही जाड जागेवरून. ३८३ मध्ये ६,००० आरपीएमला पिस्टन वरच्या बिंदूला वळताना त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या अडीच हजार पटींचा ताण येतो. एका ग्रॅमचा फरक तिथे अडीच किलोचा होतो, आणि तो रॉडच्या बोल्टना सोसावा लागतो.

ही वजनं बॅलन्सिंगवाल्याला द्या. तो क्रँकच्या जर्नलवर जे वजन बांधतो त्यात फिरणारा भाग पूर्ण आणि वरखाली होणारा भाग निम्मा धरतो. ९० अंशाच्या व्ही-८ चं हे गणित आहे, एकेरी किंवा चार सिलिंडरना लागू नाही. ४०० चं इंजिन बाहेरून बॅलन्स केलेलं होतं, म्हणजे तोलाचं काही वजन डँपर (क्रँकच्या पुढच्या टोकाचं चाक) आणि फ्लायव्हीलवर होतं, म्हणून त्याचा क्रँक वापरत असाल तर तेही त्याच जातीचे लागतात. १९८६ नंतरच्या एकसंध मागच्या सीलच्या ३५० ला फ्लायव्हील वेगळंच आहे, तेही सांगा.

आता बोअर

पिस्टन स्वतः गोल नसतो. पिनच्या दिशेने तो बारीक, पिनशी काटकोनात जाड, आणि उभ्या बाजूने पिंपासारखा फुगीर. म्हणून तो कुठे मोजायचा ते बनवणारा कागदावर देतो: स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भिंतीच्या) तळापासून इतक्या उंचीवर, पिनशी काटकोनात. दुसरीकडे मोजलं तर फट दोन-तीन थाऊंनी चुकते, आणि या कामात तेवढ्यात सगळं आलं. स्कर्टवर काळा लेप असेल तर तो धरून मोजायचं की वगळून, तेही त्याच कागदावर असतं.

पिस्टन आणि बोअरमधल्या फटीचे ढोबळ आकडे: ओतीव हायपरयुटेक्टिकला १.५ ते २ थाऊ, ४०३२ ला २.५ ते ३, २६१८ ला ४ किंवा जास्त. कागद वेगळं सांगत असेल तर कागद खरा. बोअरिंगवाल्याला आकडा सांगण्याऐवजी पिस्टनच द्या आणि होनिंगच्या वेळी ब्लॉकवर टॉर्क प्लेट लावायला सांगा. हेड आवळल्यावर बोअर थोडा वाकडा होतो, प्लेट तीच स्थिती आधीच तयार करते. ज्याच्याकडे प्लेट नाही त्याच्याकडून शेवटचं होनिंग करून घेऊ नका.

कोरडी जुळवणी

रिंगा न घालता, हलकं तेल लावून एक पिस्टन-रॉड बसवा आणि क्रँक हाताने पूर्ण फिरवा. ३८३ मध्ये रॉडचा बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला आणि कॅमशाफ्टला घासायला बघतो. निदान दीड मिलिमीटर मोकळं राहिलं पाहिजे, नसेल तर ब्लॉकवर तिथे ग्राइंडर फिरवायचा किंवा लहान बेस सर्कलचा (मूळ वर्तुळ बारीक असलेला) कॅम घ्यायचा. ही तपासणी आठही जागी करा. ग्राइंडिंग झालं की ब्लॉक पुन्हा पूर्ण धुवायला जातो, म्हणून अंतिम धुलाईआधीच हे आटपा.

पिस्टन वरच्या बिंदूला आणून डायल गेजने डेकखाली किती ते मोजा. गेजचं टोक पिनच्या रेषेत ठेवा. बाजूला ठेवलंत तर पिस्टन डुलतो आणि आकडा खोटा येतो. चारही कोपऱ्यांचे सिलिंडर मोजले की डेक कुठे किती घासायचा ते कळतं. पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती (क्ले) लावून हेड बसवून व्हॉल्व्हची जागाही बघून घ्या: इनटेकला २ मिलिमीटर, एक्झॉस्टला २.५.

बेअरिंगची फट जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ धरा, म्हणजे २.१ इंचाला २.१ थाऊ. प्लास्टिगेज (फटीत दाबून रुंदी मोजायची प्लास्टिकची तार) अंदाज देतं, डायल बोअर गेज आकडा देतं. एका जर्नलवरच्या दोन रॉडची मिळून बाजूची फट १० ते २० थाऊ हवी.

बसवताना

वरच्या रिंगेचं तोंड (तिच्या दोन टोकांमधली फट) दर इंच बोअरला ४ थाऊ, म्हणजे ४.०३० ला १६. दुसऱ्या रिंगेला थोडं जास्त. टर्बोला आणखी जास्त. काही हायपरयुटेक्टिक पिस्टनमध्ये वरची रिंग माथ्याच्या फार जवळ असते आणि ती जास्त तापते, तिला दर इंचाला साडेसहा थाऊपर्यंत द्यावं लागतं. तोंड कमी राहिलं तर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा माथा उचकटतो. जास्त राहिलं तर थोडं काँप्रेशन गळतं, इतकंच.

व्हॉल्व्हच्या खाचा आणि माथ्यावरची खूण योग्य दिशेला, रॉडची कड मारलेली बाजू क्रँकच्या गोलाईकडे: या दोन दिशा एकत्र जुळवूनच पिस्टन रॉडला जोडा. डाव्या आणि उजव्या बँकेला (सिलिंडरच्या रांगेला) ही जोडणी उलट येते. लॉक बसल्यावर खिळ्याने टोचून बघा, खाचेत पूर्ण गेलं पाहिजे.

बोल्टला कंपनीने सांगितलेलंच वंगण लावा. साधं तेल आणि त्यांचं वंगण यांच्या टॉर्कमध्ये बराच फरक पडतो. स्ट्रेच गेज मिळत असेल तर टॉर्कऐवजी बोल्ट किती ताणला गेला तेच मोजा आणि आठही रॉडच्या दोन्ही बोल्टची मोकळी लांबी वहीत लिहून ठेवा. पुढे कधी इंजिन उघडलं आणि एखादा बोल्ट त्या लांबीवर परत आलेला नसला, तर तो फेकायचा.

प्रत्येक पिस्टन बसवल्यावर क्रँक टॉर्क रेंचने फिरवून किती जोर लागतो ते टिपा. जोर थोडा-थोडा वाढत जाणं साहजिक आहे. एखाद्या पिस्टननंतर तो एकदम चढला तर पुढचा बसवू नका. तोच बाहेर काढा आणि आधी कॅपचा नंबर, मग शेलची खाच, मग रिंगांची तोंडं, या क्रमाने बघा.